तबकडीला दिलेला नारळ

"थांब भो, तापू दे."

भाईंच्या तोंडी हे वाक्य सतत असायचं. म्हणताना उजव्या हाताचा तळवा पुढे करायचे, तव्याची धग बघतात तसा. चहा टाकला, तापू दे. नवा बैल जुंपला, तापू दे. शहाद्याच्या बाजारात दोन व्यापारी केळीच्या भावावरून एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत असले तरी हे मध्ये पडायचे नाहीत. लांबूनच तळवा दाखवून मला म्हणायचे, "तापू दे त्यासले. आपोआप गार व्हतीन." आता माणूस तापू दिल्यावर गार कसा होतो, हे मला आजवर कळलेलं नाही. पण ते व्यापारी गार व्हायचे खरे, आणि मग भाईंच्याच हातचं पान खायचे.

हे वाक्य त्यांनी उचललं ते माझ्या दुकानातून. शहाद्याला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नासाठी भोंगा, गाण्याच्या तबकड्या, त्या वाजवायचं मशीन, हेही मी भाड्याने द्यायचो. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हचे. बटण फिरवलं की आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू लाल व्हायच्या आणि मग कुठे आवाज यायचा. गिऱ्हाइकाला तेवढाही धीर नसे. आवाज आला नाही की लगेच रेडिओच्या डोक्यात थापट्या. मी ओरडायचो, "अरे, तापू दे ना बाबा!" माझ्या ओरडण्याचा कुणावर कधी परिणाम झाला नाही. एकटे भाई शांतपणे बाकावर बसून त्या नळ्या लाल होताना बघत राहायचे. बायकोचा नवस फेडायला आलेला माणूस मंदिरात बसतो, तसे.

भाई म्हणजे तापीकाठच्या एका गावातले गुजर शेतकरी. केळी, कापूस, थोडा ऊस. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कानात अत्तराचा बोळा. घरात त्यांची गुजरी बोली, आमच्याशी अहिराणी. मराठी फक्त मामलेदार कचेरीत, आणि ती बोलताना कपाळावर घाम. सगळं घर वडिलांच्या शब्दावर चालायचं. वडिलांना सगळे आबा म्हणत. भाईंच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या, तरी आबा खाकरले की हे उठून उभे राहायचे.

एके दिवशी दुपारी त्यांनी माझ्या दुकानाची एक फळी लावून घेतली आणि हळूच म्हणाले, "मिस्तरी, एक गोट सांगू? हसशी नही ना?"

"सांगा तर."

"माले गिटार वाजाडता येस."

मी हसलो. तुम्हीही हसला असतात. केळीचे घड मोजणारा माणूस आणि गिटार!

मग त्यांनी सगळं सांगितलं. तरुणपणी शिकायला म्हणून सुरतेला मावशीकडे होते. शेजारी एक पारशी म्हातारा मांडीवर गिटार आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायचा. भाईंचं शिक्षण राहिलं बाजूला, कांडी तेवढी हातात आली. म्हातारा गेला तेव्हा त्याच्या मुलीने ती गिटार यांना देऊन टाकली. घरी आणली, तर आबांनी ओट्यावरच अडवलं. "वाजंत्री आपला दारले येतस," ते म्हणाले. "आपन कोनना दारले वाजाडाले जातस नही." झालं. गिटार घराचा उंबरठा न ओलांडता मळ्यातल्या पाण्याच्या इंजिनाच्या खोलीत गेली. तिथे पोत्यात गुंडाळून राहिली.

आणि ती गिटार होती विजेची! पोटात पोकळी नाही, नुसती लाकडाची फळी आणि तारा. आवाज वाढवणाऱ्या मशीनला जोडल्याशिवाय तिचा आवाज डासाएवढा. भाई वर्षानुवर्षं त्या खोलीत बसून, लाकडाला कान लावून, डासाएवढी गिटार वाजवत होते. हे ऐकल्यावर माझं हसणं बंद झालं.

"तिन्हं मशीन भेटी का कोठे?" त्यांनी विचारलं.

मशीन सुरतेत भेटलं. तिथल्या एका हॉटेलातला वाद्यवृंद मोडला होता, त्यांचं सामान जुन्या बाजारात आलं होतं. विलायती खोकं, पुढे जाळीदार कापड, आत मोठा स्पीकर, मागे व्हॉल्व्हची रांग. दुकानदार सरळ माणूस. पान चघळत म्हणाला, "कंपनी ने बनाना बंद कर दिया है. व्हॉल्व्ह जाएगा तो मेरे पास रोते हुए मत आना." विजेचाही घोळ होता. आपल्याकडच्या दाबावर ते जळून गेलं असतं, म्हणून आधी दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावायचा. मी भाईंना बाजूला घेऊन सांगितलं, हे घेऊ नका, बंद पडलेल्या वस्तूला वाली नसतो.

भाईंनी गोधडीतून गिटार काढली होती. तीही बरोबर आणली होती, मला न सांगता! दुकानदाराने बटण दाबलं. काहीच नाही. मी तोंड उघडणार तोच तळवा पुढे आला. "थांब भो, तापू दे."

नळ्या लाल झाल्या. भाईंनी एक तार छेडली आणि कांडी सरकवली.

काय सांगू तुम्हाला! दुकानदाराचं पान तोंडात तसंच राहिलं. एवढी वर्षं वाजवणाऱ्या माणसाने, सुरतेहून परतल्यापासून, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचं वाजवणं धडपणे ऐकलं. भाई स्वतःच दचकले, मागे वळून बघायला लागले, कोण वाजवतंय म्हणून. घेऊ नका म्हणणारा मीच ते खोकं डोक्यावर घेऊन स्टेशनापर्यंत गेलो.

येताना गाडीत खोकं दोघांच्या मध्ये. खांडबाऱ्याला बाजारच्या बाया चढल्या. एकीने जाळीच्या कापडाला नाक लावून वास घेतला, आत कोंबडं नाही अशी खात्री करून घेतली आणि आपली भरलेली टोपली खोक्यावर ठेवून दिली. तिला उचल म्हणायची भाईंची छाती झाली नाही. नंदुरबार येईपर्यंत ते टोपली दोन्ही हातांनी अधांतरी धरून बसले होते. उतरताना बाईने त्यांना दोन सीताफळं दिली.

आता हे सगळं कशासाठी? भाईंच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. आबा थकले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस समोर आला तरी आवाजावरून ओळखायचे. भाईंच्या मनात एकच होतं. "मिस्तरी," ते म्हणाले, "आबाले एकदाव ऐकाडानं शे. मी वाजाडस हाई माहीत नही पडं तरी चाली. पन ऐकाले पाहिजे."

लग्नात भोंगा आणि तबकड्या माझ्याच होत्या. आम्ही बेत केला. खोक्यातला स्पीकर काढायचा आणि मांडवात माझ्या टेबलाखाली, कापडाच्या आड ठेवायचा. त्याची लांब तार कोठीच्या खोलीच्या खिडकीतून आत. आत धान्याच्या पोत्यांमध्ये भाई, गिटार आणि मशीन. मी टेबलावर तबकडी ठेवल्याचं सोंग करायचं आणि भाईंनी आतून एक सिनेमाचं गाणं वाजवायचं. लोकांना वाटेल, नवीन तबकडी. गुजराच्या घरचा कर्ता माणूस मुलीच्या मांडवात वाजंत्री झाला, असं कुणी म्हणायला नको आणि आबांच्या कानावर तर पडायला हवं.

गावात विजेचे खांब येऊन फार दिवस झाले नव्हते. मळ्यातल्या इंजिनाच्या खोलीतही आता वीज आली होती, तिथेच भाईंचा सराव सुरू झाला. आणि तिथे या शहाण्या माणसाने काय करावं? चैत्राचं ऊन, वर पत्रा, मशीन तापून लाल. जगाला तापू दे सांगणारे भाई नेमके त्या दिवशी घाबरले. शेतावरचं ऑइल इंजिन तापलं की त्यावर ओलं पोतं टाकायची त्यांची सवय. टाकलं की ओलं पोतं विलायती मशीनवर! एक थेंब तापलेल्या काचेवर पडला आणि मुख्य व्हॉल्व्ह टचकन तडकला.

मी इतका ओरडलो की शेजारच्या मळ्यातले बैल थांबले.

"इंजिनले चालस..." भाई पुटपुटले.

"हे इंजिन आहे का? हे केळीला पाणी पाजतं का?"

भाई पोतं पिळत उभे राहिले. पिळून पिळून त्यातलं पाणी संपलं तरी पिळतच होते. मग मला त्यांच्याकडे बघवेना.

तो व्हॉल्व्ह ना धुळ्यात मिळाला ना सुरतेत. मुंबईला माणूस पाठवला, तोही हात हलवत आला. लग्न तोंडावर. शेवटी माझी नजर आमच्या घरच्या रेडिओवर गेली. त्यातला व्हॉल्व्ह जातीने जवळचा होता, फक्त त्याचे पाय वेगळे आणि भूक कमी. मी मशीनमधली व्हॉल्व्हची जुनी बैठक उपटली, रेडिओची बसवली, दोन रोधक बदलले, नव्याने शिशाचे डाग दिले. आवाज पहिल्यापेक्षा जरा कमी झाला, पण मऊ झाला, पहिली कर्कश धार गेली. भाई म्हणाले, "आते आपला मानूस वाटस." आमच्या सौभाग्यवतींची संध्याकाळची गाणी मात्र बंद पडली. त्या माझ्याशी लग्न लागेपर्यंत बोलल्या नाहीत. भाईंच्या मुलीचं लग्न लागेपर्यंत, माझं नव्हे.

लग्नाच्या दुपारी पंगती उठल्या. मांडवात पुरुष मंडळी लोडाला टेकून सुस्तावली होती. बायका आतल्या पडवीत पानं लावत होत्या. आबांनी आपली खाट स्वतः सांगून माझ्या टेबलाला लागून टाकून घेतली होती, गाणी नीट ऐकू यावीत म्हणून. मी भोंगा बंद केला आणि खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, "आता नवीन तबकडी लावतो हं, आबा!"

आत बटण दाबल्याचा आवाज मला आला. आणि मग? मग तापायला नको का! मी सुई बदलली. तबकडी पुसली. उलटी करून पुन्हा पुसली.

"काय करी ऱ्हायना रे मिस्तरी?" आबा म्हणाले.

"धूळ आहे, आबा. वैशाख आहे."

तेवढ्यात सूर आला. ठरलेलं सिनेमाचं गाणं नव्हतंच ते! भाई वाजवत होते गुजरांच्या बायका मुलीला सासरी पाठवताना म्हणतात ते गाणं. त्यांची आई, आबांची बायको, ते गाणं म्हणण्यात सगळ्या पंचक्रोशीत पुढे असायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. असल्या गाण्याची तबकडी जगात कुठल्या कंपनीने काढली असणार? मी मनात भाईंना शिव्या घातल्या, अगदी ठेवणीतल्या.

पडवीतला बांगड्यांचा आवाज थांबला. मग एका म्हातारीने तिथूनच हळू आवाजात गाणं उचललं. दुसरीने साथ दिली. बघता बघता सगळ्या बायका म्हणायला लागल्या, आणि सूर त्यांच्यासाठी जरा थांबून, त्यांना बरोबर घेऊन चालायला लागला. तबकडी कधी कुणासाठी थांबते का हो? लोडावरचे दोघे-तिघे उठून बसले.

आबांनी हात पुढे केला. चाचपडत चाचपडत टेबलावर आणला, तळवा खाली, अगदी भाईंसारखा. तो हात तबकडीच्या मशीनपर्यंत आला आणि तबकडीवर टेकला.

तबकडी फिरत नव्हती. मी ती फिरवायचीच विसरलो होतो.

आबांनी हात उचलला नाही. गाणं संपेपर्यंत तो तसाच थांबलेल्या तबकडीवर ठेवून बसले. संपल्यावर म्हणाले, "परत लाव."

"लावतो, आबा!" मी खिडकीकडे ओरडलो.

भाईंनी परत वाजवलं.

आमच्याकडे वाजंत्र्यांना निरोप द्यायची एक रीत होती. लग्न उरकलं की नारळ आणि टॉवेल ओट्याच्या कडेला ठेवायचा, त्यांनी तो खालून उचलायचा आणि निघायचं. हातात द्यायचा नाही. कुणी ठरवलं कोण जाणे, पण तसंच चालायचं. संध्याकाळी ताशेवाल्यांचा निरोप झाल्यावर आबांनी मला खाटेजवळ बोलावलं. त्यांच्या मांडीवर एक नारळ आणि नवा टॉवेल होता.

"हाई वाजाडणाराले दी ये," ते म्हणाले.

मी अडाण्याचं सोंग घेतलं. "कोणत्या वाजवणाऱ्याला, आबा? ती तर तबकडी होती."

"मंग तबकडीले दी ये."

आणि माझा हात धरून त्यांनी नारळ त्यात दाबून ठेवला.

मी कोठीच्या खोलीत गेलो. भाई पोत्याला टेकून बसले होते, अंग घामाने निथळत होतं, धोतराला गव्हाची धूळ. नारळ बघून ते उठून उभे राहिले. मला वाटलं, विचारतील, आबा रागावले का, काय म्हणाले. त्यांनी एवढंच विचारलं, "खाले ठेवं का हातम्हा दिन्हं?"

"हातात," मी म्हणालो. "माझा हात धरून."

भाईंनी टॉवेल तोंडावर धरला. बराच वेळ काढलाच नाही.

मी स्पीकर आणून पुन्हा खोक्यात बसवला. मागची फळी लावायला घेतली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मी लावस." मला भोंगे आवरायचे होते, मी निघालो.

दुसऱ्या दिवशी आबांनी सालदाराला, म्हणजे वर्षाच्या गड्याला, हुकूम सोडला, मळ्यातलं ते खोकं अन् ती तारांची फळी घरात आणा, तिथे उंदरं तारा कुरतडतात. खोकं आदल्या दिवसापासून घरातच होतं, हे त्यांना सांगायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. सालदाराने ते कोठीच्या खोलीतून उचललं, अंगणातून वळसा घालून आणलं आणि पुढल्या दाराने ओसरीत ठेवलं. आबांनी त्यानंतर कधीही 'वाजव' असा शब्द काढला नाही. संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या सुनेला ऐकवायचे, "आज घर भलतं सुनं वाटी ऱ्हायनं." की भाई उठून बटण दाबायचे. मग दोघंही गप्प, मशीन तापेपर्यंत.

त्या मशीनमध्ये लग्नानंतर एक खोड निर्माण झाली. भाईंनी खरजाची जाड तार छेडली की आत काहीतरी खडखडायचं. पहिल्यांदा बारीक, पुढे पुढे चांगलंच. माझ्यासारख्याच्या कानाला ते म्हणजे दातात अडकलेला काथ्या. कुठला तरी स्क्रू ढिला झालाय, नाहीतर स्पीकरचा कागद सुटलाय. मी पेचकस काढला की भाई मागच्या फळीवर हात ठेवायचे.

"आवाज येस ना? मंग ऱ्हाऊ दे."

"अहो, खडखडतंय!"

"खडखडू दे."

मी चिडायचो. माझ्या हातचं काम आणि त्यात खडखडाट! दुकानात आलेल्या चार लोकांना काय सांगायचं? एकदा तर मी म्हणालो, यापुढे हे मशीन मी बांधलंय असं कुणाला सांगू नका. भाई हसले आणि मला केळी खायला दिली.

पुढे आबा गेले. त्यानंतर दोन पावसाळे भाईंनी मशीनला हात लावला नाही. मग एका पोळ्याला पुन्हा वाजवायला लागले, तेच गाणं, त्याच खडखडाटासकट. आणि एका पावसाळ्यात कावीळ झाली, अंगावर काढली, तापू दे तापू दे करत बसले, आणि गेले. मी स्मशानात त्यांच्यावर चिडलेलाच होतो. अजूनही कधीकधी चिडतो. वेळेवर डॉक्टरकडे गेले असते तर काय बिघडलं असतं?

वर्षश्राद्ध झाल्यावर भाईंच्या बायकोने, भाभींनी, खोकं माझ्याकडे पाठवलं. घरात वाजवणारं कुणी नव्हतं. निरोप होता, तुमच्याकडेच असू द्या.

खोकं टेबलावर चढवलं आणि पहिलं काम काय केलं असेन? पेचकस घेतला. इतकी वर्षं मनात होतं, त्या खडखडाटाचा एकदा निकाल लावायचा. मागची फळी काढली.

आत कोपऱ्यात, व्हॉल्व्हच्या उबेला, टॉवेलात नीट गुंडाळून ठेवलेला नारळ होता. टॉवेलाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी नारळ कानाजवळ धरून हलवला. पाणी कधीच आटलं होतं. आतलं खोबरं कवटीपासून सुटून त्याचा गोटा झाला होता, आणि तो खडखडत होता.

मी दुकानाची फळी लावून घेतली आणि पोटभर रडलो.

मग नारळ टॉवेलात गुंडाळला, होता तिथेच ठेवला आणि मागची फळी घट्ट पिळून बसवली. हल्ली कॉलेजातली मंडळी कार्यक्रमासाठी ते मशीन मागून नेतात. परत देताना एखादा तरी सांगतोच, "मिस्तरी, यामां काहीतरी ढिलं शे."

"शे," मी म्हणतो. "ऱ्हाऊ दे."